धडधड, फडफड, थरथर

ईसीजी काढून झाला की कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्र आपलं मत छापून मोकळं होतं. 'एट्रियल फिब्रिलेशन', म्हणजे एएफ, हे त्यातलं एक नेहमीचं मत. जव्हारला मी काही वर्षं काम केलं. अजूनही तिथून, मोखाड्याहून ईसीजीचे फोटो फोनवर येतात, आणि खाली पाठवणाऱ्या तरुण डॉक्टरचा प्रश्न असतो : "मॅडम, एएफच आहे ना?"

कधी असतो. कधी तो फ्लटर निघतो. कधी 'मल्टिफोकल एट्रियल टॅकिकार्डिया' असं लांबलचक नाव असलेला तिसराच प्रकार, आणि कधी निव्वळ अधूनमधून आगाऊ पडणारे निरुपद्रवी ठोके. मनगटावर बोट ठेवलं तर हे चारही जवळजवळ सारखे लागू शकतात. उपचार मात्र सारखे नाहीत. एकाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. एकाचा दोष बहुतेक वेळा कॅथेटरनं कायमचा काढता येतो. एकात हृदयापेक्षा फुप्फुसाकडे बघावं लागतं. आणि शेवटच्याला बऱ्याचदा दोन धीराचे शब्द पुरतात.

पेशंटच्या भाषेत या सगळ्याला एकच तक्रार असते : छातीत धडधडतं. पण मराठीत धडधड, फडफड आणि थरथर हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि प्रत्येकाची हालचालही वेगळी आहे. वैद्यकाला हा फरक कागदावर दाखवता यायला विसावं शतक उजाडावं लागलं. तो कसा दाखवता आला, याची ही गोष्ट.

नाडीची चाल

आपल्याकडे नाडीपरीक्षेचं सविस्तर वर्णन पहिल्यांदा शार्ङ्गधरसंहितेत येतं. तिथे नाडीला प्राण्यांची चाल दिली आहे. वाताची नाडी जळू-सापासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-कबुतरासारखी. थांबत थांबत चालणारी नाडी जिवावर बेतणारी, असंही तिथे म्हटलं आहे. बोटाला जे लागतं ते शब्दांत पकडायचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. अडचण एकच : मनगटावर आपल्याला कळतो तो हृदयाच्या खालच्या कप्प्याचा ठोका. गडबड वरच्या कप्प्यात असेल, तर तिची फक्त खालपर्यंत पोचलेली बातमी हाताला लागते.

युरोपातही चित्र वेगळं नव्हतं. अखंड अनियमित नाडीला तिथले डॉक्टर 'हृदयाचा भ्रम' अशा अर्थाची लॅटिन नावं देत होते. ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा होता एका गावडॉक्टरचा.

जेम्स मॅकेंझी १८७९ साली इंग्लंडमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावी आला आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तिथेच त्यानं प्रॅक्टिस केली. ना विद्यापीठ, ना मोठं इस्पितळ. गिरणीकामगार, बाळंतपणं, दमेकरी, संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेल्या बायका. हे वर्णन कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरला ओळखीचं वाटेल. मॅकेंझीनं एक गोष्ट वेगळी केली. मनगटाच्या नाडीबरोबर मानेतल्या शिरेची हालचालही तो एकाच वेळी एकाच कागदावर उतरवू लागला. मानेतली शीर उजव्या वरच्या कप्प्याला थेट जोडलेली. वरचा कप्पा आकुंचन पावला की शिरेत एक छोटी लाट उठते. म्हणजे मनगटावर खालचा कप्पा आणि मानेवर वरचा, असे दोघांचे जबाब शेजारी शेजारी. पुढे यासाठी त्यानं शेजारच्या पॅडिहॅममधल्या एका घड्याळजीकडून शाईनं रेघ काढणारं सुटसुटीत यंत्रही बनवून घेतलं.

त्याच्या पेशंटांत एक बाई होती. संधिवाताच्या तापातून तिची डावीकडची झडप अरुंद झालेली. मॅकेंझी तिला दीड दशकाहून जास्त काळ तपासत होता. १८९०चं दशक संपत आलं तेव्हा तिची नाडी एकाएकी पूर्ण बेताल झाली. त्यानं मानेवरची रेघ पाहिली, तर वरच्या कप्प्याची लाट नाहीशी झालेली. तिच्या हृदयाच्या आवाजातला, वरच्या कप्प्याच्या आकुंचनामुळे येणारा भागही गेला होता. वर्षानुवर्षं असलेली गोष्ट आता नाही, हे त्याला कळलं, कारण ती आधी होती हे त्याच्याकडे नोंदलेलं होतं.

त्याचा अर्थ लावताना तो अडखळला. वरचा कप्पा लुळा पडला असावा, असं त्याला आधी वाटलं. नंतर वाटलं, दोन्ही कप्पे एकाच वेळी आकुंचन पावत असावेत. दोन्ही अंदाज चुकीचे निघाले. पण प्रश्न बरोबर होता, आणि अनियमित नाडीसमोर आजही तोच विचारायचा असतो : वरचा कप्पा काय करतो आहे?

मॅकेंझीचं आणखी एक ऋण तरुण वाचकांनी मानायला हवं. त्यानं अनियमित नाड्यांचे तीन गट पाडले. पहिला तरुणांचा : श्वास आत घेताना ठोके जलद, सोडताना संथ. दुसरा, मधूनच आगाऊ ठोका पडण्याचा. आणि तिसरा, त्या बाईसारखा, गंभीर. पहिले दोन बहुधा निरुपद्रवी असतात, हे त्यानं वर्षानुवर्षं पेशंट तपासून सांगितलं. त्याआधी केवळ नाडी चुकते म्हणून धडधाकट पोरांना हृदयरोगी ठरवून अंथरुणात झोपवलं जाई. आज हातातलं घड्याळ 'लय अनिश्चित' म्हणालं म्हणून रात्रभर जागणारी मुलं मला भेटतात. त्यांच्यातले बरेच जण मॅकेंझीच्या पहिल्या दोन गटांतले असतात.

मिठाचं पाणी आणि टेलिफोनची तार

वरच्या कप्प्याचा थेट जबाब नोंदवणारं यंत्र नेदरलँड्समधल्या लायडन शहरात तयार झालं. विलेम आइंटहोवेनचा जन्म १८६०चा, जावा बेटावरच्या सेमारंगचा. १९०१ ते १९०३ या काळात त्यानं चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक अतिसूक्ष्म तार ताणून हृदयातली वीज मोजणारं उपकरण जगापुढे आणलं. त्याचं वजन सुमारे २७० किलो, आणि चालवायला पाच माणसं. पेशंटनं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यानंच दिली. वरच्या कप्प्याची लाट म्हणजे पी. खालच्याची म्हणजे मधला उंच सुळका, आर.

यंत्र दवाखान्यात नेता येईना आणि पेशंट प्रयोगशाळेत आणणं जिकिरीचं. मग १९०५मध्ये आइंटहोवेननं दीड किलोमीटरवरच्या इस्पितळापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेनं हृदयाचे सिग्नल आणले. पेशंट एकीकडे, वाचणारा दुसरीकडे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं खेड्यांसाठी मोबाइलला जोडता येणारं हातात मावेल एवढं टेली-ईसीजी यंत्र बनवलं. त्यामागची कल्पना लायडनच्या त्या तारेइतकी जुनी आहे. आइंटहोवेनला १९२४चं नोबेल मिळालं.

पण कागद हाती आला म्हणून अर्थ हाती आला नाही. बेताल नाडीच्या पेशंटांच्या ईसीजीत पी लाट नसायचीच. त्या जागी सगळीकडे बारीक, वेडीवाकडी, कापरी रेघ. हात थरथरल्यामुळे किंवा यंत्रातल्या दोषामुळे ती उमटत असेल, असं समजणं अगदी सोपं होतं. १९०७मध्ये आर्थर कुश्नी आणि एडमंड्स यांनी एका पेशंटच्या नाडीची नोंद आणि प्रयोगात वरचे कप्पे थरथरत ठेवलेल्या कुत्र्याची नोंद यांतलं साम्य दाखवलं. १९०९मध्ये लंडनमध्ये थॉमस लुईसनं, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, ही माणसांत सर्रास आढळणारी अवस्था असल्याचं दाखवून दिलं. ईसीजीचे टोक वरच्या कप्प्याच्या जवळ छातीवर ठेवले की ती कापरी रेघ सर्वांत ठळक होते, हे लुईसनं पाहिलं. याचा अर्थ ती हाताची थरथर नव्हती, हृदयाचीच होती. पुढे अशीच नाडी असलेल्या घोड्याची छाती उघडून त्यानं वरचा कप्पा थरथरताना डोळ्यांनी पाहिला.

एएफ म्हणजे ही थरथर. वरच्या कप्प्यात मिनिटाला ३५० ते ६०० वेळा, कुठूनही कुठेही धावणाऱ्या विजेच्या लहान लहान लाटा. आकुंचन असं उरतच नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जो विजेचा दरवान असतो तो यातले काही सिग्नल आत सोडतो, बाकीचे अडवतो, आणि त्याला ठरावीक क्रम नसतो. म्हणून कागदावर दोन खुणा दिसतात : पी लाट कुठेच नाही, आणि दोन सुळक्यांमधल्या अंतराला कसलाच मेळ नाही.

रिंगण

फ्लटर हा वेगळा प्रकार आहे, हे १९१० नंतर एडिनबरोत जॉली आणि रिची यांच्या कामातून स्पष्ट झालं. यात वरचा कप्पा थरथरत नाही. तो अतिशय वेगानं पण शिस्तीत फडफडतो, मिनिटाला सुमारे ३०० वेळा. कागदावर करवतीच्या दात्यांसारखी एकसारखी नक्षी दिसते.

इतक्या वेगात इतकी शिस्त येते कुठून? उत्तराचा एक धागा समुद्रातून आला. आल्फ्रेड मेयरनं जेलीफिशच्या शरीराची कडी कापून तिच्यात एक लाट सोडली, तर ती लाट कडीभोवती दिवसचे दिवस फिरत राहिली. मग १९१३च्या सुमारास जॉर्ज राल्फ माइन्सनं प्राण्यांच्या हृदयाच्या पट्टीत तेच दाखवलं, आणि लुईसनं ते फ्लटरला लावलं. नेहमीच्या फ्लटरमध्ये उजव्या वरच्या कप्प्यात झडपेच्या भोवती एकच लाट गोल गोल फिरत असते. जव्हारकडच्या वाचकाला हे समजावायला चित्र लागत नाही. तारपाकरी मध्ये उभा आणि त्याच्याभोवती कमरेत हात गुंफून फिरणारं रिंगण, तसा फ्लटर. त्याच अंगणात रिंगण मोडून प्रत्येक जण वाटेल तिकडे नाचू लागला, की एएफ.

गोल रस्ता एकच असतो, म्हणून तो तोडता येतो. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन त्या वाटेवरचा एक चिंचोळा पट्टा निकामी केला की बहुतेकांचा फ्लटर थांबतो.

ओळखताना फसगत होते ती दरवानामुळे. अनेकदा तो दर दोन सिग्नलांपैकी एकच आत सोडतो. मग ३००चे १५० होतात आणि नाडी अगदी नियमित लागते. म्हणून शिकवताना मी सांगते, १५०च्या आसपास नियमित नाडी दिसली की फ्लटरचा संशय घ्या आणि दुसऱ्या, तिसऱ्या लीडमध्ये दाते शोधा. नेहमीच्या वेगावर एक दाता साधारण एका मोठ्या चौकोनात बसतो. दरवान कधी दोनाला एक, कधी चाराला एक असं सोडू लागला तर नाडी अनियमित होते आणि तो एएफसारखा दिसतो. पण तेव्हाही सुळक्यांमधली अंतरं एकाच मापाच्या पटीत असतात. कोऱ्या कागदाच्या कडेवर पेन्सिलीनं सुळक्यांच्या खुणा करून तो कागद पुढे सरकवला की ते लगेच कळतं.

बोहाड्यातली सोंगं

तिसऱ्या प्रकाराला नाव मिळायला १९६८ उजाडलं. शाइन, कास्टर आणि युर्चाक या अमेरिकी डॉक्टरांनी ३२ पेशंटांचा अभ्यास छापला. नाडी मिनिटाला शंभरावर आणि बेताल, एएफ वाटावी अशीच. पण नीट पाहिलं तर प्रत्येक सुळक्याआधी पी लाट हजर होती. फक्त तिचं रूप दर वेळी वेगळं : एक उंच टोकदार, एक बसकी, एक उलटी. किमान तीन वेगवेगळी रूपं, आणि दोन लाटांमधली रेघ सपाट. वरच्या कप्प्यातल्या अनेक जागा आळीपाळीनं ठोका सुरू करत होत्या.

मोखाड्याकडे बोहाडा पाहिलेल्यांना हे सांगायला सोपं जातं. संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग येतं, प्रत्येकाचा मुखवटा निराळा. एएफमध्ये सोंगच नाही, नुसती गर्दी. इथे दर ठोक्याला सोंग आहे, पण मुखवटा बदलतो. शंभराच्या खाली वेग असेल तर तोच प्रकार बराच सौम्य, आणि त्याचं नावही वेगळं.

या दुखण्याचं मूळ बहुधा हृदयाबाहेर असतं : बिघडलेली फुप्फुसं, रक्तात कमी पडलेला ऑक्सिजन, पोटॅशियम-मॅग्नेशियमची कमतरता, कधी थिओफायलिनसारख्या दम्याच्या औषधाचा जास्त डोस. डिजॉक्सिन फारसं उपयोगी पडत नाही, विजेचा झटकाही नाही. श्वास सुधारला की लय सुधारते.

आणि फुप्फुसं बिघडायला बिडीच लागते असं नाही. २००९मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मधल्या लेखात दाखवलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांत धूम्रपान न करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि चुलीचा धूर हे त्यामागचं एक प्रमुख कारण. कारवीच्या कुडाच्या घरात चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली आजी दम लागून दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या कागदावर हा तिसरा प्रकार शोधावा लागतो.

चुकीच्या नावाची किंमत

२००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रानं एएफ म्हणून छापलेले २२९८ ईसीजी तज्ज्ञांनी पुन्हा वाचले. त्यातले ४४२, म्हणजे १९ टक्के, एएफ नव्हतेच. काही पेशंटांच्या बाबतीत डॉक्टरांनीही यंत्राचंच मत उचललं आणि नको ती औषधं सुरू झाली.

मोखाड्याच्या पाड्यावर 'नको ते औषध' म्हणजे काय, ते बघा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन देताना आयएनआर ही रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यासाठी मजुरी बुडवून गाडी बदलत जायचं. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या औषधाचा परिणाम कमी करतं, आणि पावसाळ्यात इथलं ताट रानभाज्यांवर चालतं. म्हणजे आषाढात जुळवलेला डोस दिवाळीनंतर जास्त ठरू शकतो, आणि जास्त म्हणजे रक्तस्राव. हे सगळं, ज्या आजीला फक्त ऑक्सिजन आणि श्वासाचं औषध हवं होतं तिच्यासाठी.

उलटी चूक याहून भयंकर. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत, १९७८ साली, दिसलं होतं की एएफमुळे पक्षाघाताचा धोका पाचपटींहून वाढतो. पण संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेली असेल, तर सतरापटींहून. मॅकेंझीच्या त्या बाईचं दुखणं इंग्लंडात आता दुर्मीळ झालं आहे. आपल्याकडे नाही. गर्दीची घरं, घशाच्या संसर्गावर वेळेत न मिळालेलं पेनिसिलीन, आणि मग पंचविशी-तिशीतली बाई पहिल्यांदा येते ती बाळंतपणात दम लागून. तिचा एएफ 'दम्याची धडधड' म्हणून निसटला तर एका सकाळी तिची उजवी बाजू लुळी पडू शकते. तिला नवी, तपासणी न लागणारी गोळी देऊन भागत नाही. २०२२च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत अशा पेशंटांत जुनं वॉरफेरिनच सरस ठरलं. म्हणजे तिच्यासाठी तो तपासणीचा त्रास खरोखर करायला हवा. कुणासाठी करायचा आणि कुणासाठी नाही, हे त्या दहा सेकंदांच्या कागदावर पी लाट दिसते की नाही यावर बरंचसं ठरतं.

जुना कागद

म्हणून "एएफच आहे ना?" या प्रश्नावर मी उलटे प्रश्न पाठवते. दुसऱ्या लीडची लांब पट्टी आहे का? सुळक्याआधी काही दिसतं का? दिसत असेल तर दर वेळी तेच रूप आहे का? मधली रेघ सपाट, कापरी की दातेरी? झडपेचा आवाज ऐकला का? ऑक्सिजन किती? आणि शेवटी : हिचा जुना ईसीजी आहे का?

बहुतेकदा अडतं ते या शेवटच्या प्रश्नाशी. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. एक ईसीजी इथे निघतो, दुसरा तिथे, आणि दोन्ही कागद एका डॉक्टरच्या टेबलावर कधीच येत नाहीत. डॉक्टरही बदलतात, बंधपत्राचं वर्ष संपलं की निघून जातात. शिवाय ईसीजीचा कागद उष्णतेनं उमटणारा. घरात दमट कोनाड्यात वर्षभर राहिला की रेघ फिकी होत होत पुसली जाते.

मॅकेंझीकडे दीड दशकाहून जास्त काळ एकच गाव होतं आणि जपून ठेवलेल्या रेघा होत्या. आपल्याकडे फोन आहेत. हा लेख फोनवर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात एखादी आजी, मावशी, काकू असेल जिचा ईसीजी कधीतरी निघाला आहे. त्याचा सरळ, उजेडात, पूर्ण कागदाचा फोटो काढून ठेवा. फोटोला तारीख आणि नाव द्या, आणि वरच्या कोपऱ्यातलं यंत्राचं मत तेवढं काढून आणू नका. पुढच्या डॉक्टरला मत लागत नाही, रेघ लागते. त्या रेघेवर पी लाट दिसत असेल आणि आजच्या कागदावर नसेल, तर त्याला कळेल की मधल्या काळात काहीतरी बदललं आहे.